वच्छलाकाकूंचा झाकलेला डबा

आमच्या गल्लीत दह्याची वाटी झाकण घालून आली, की ती वच्छलाकाकूंकडून आली हे विचारावं लागत नसे. बाकीच्या बायका वाटी तशीच हातात धरून येत, आत काय आहे ते वाटेतल्या कुत्र्यालाही कळे. काकूंच्या वाटीवर ताटली, ताटलीवर पदर, आणि चेहऱ्यावर असा भाव की आत विरजण नसून कुणाच्या लग्नाचे दागिने आहेत. मी वर्ध्याजवळ सिंदी मेघेला नवी राहायला आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्या अशी वाटी घेऊन दारात उभ्या राहिल्या. मी विचारलं, “काय आहे काकू?” त्या म्हणाल्या, “हलवून पाय. उघडून नको पाहू.” दही हलवून कसं ओळखायचं ते मला आजवर समजलेलं नाही.

माझी अडचण अशी, की मला मुळातच झाकलेलं राहवत नाही. बंद पाकीट मी उन्हात धरून पाहते. सिनेमाचा शेवट आधी कुणाला तरी विचारून घेते. लोकांच्या घरी गेले की भांड्यांवरची झाकणं मी जाता जाता उचलते, हे माझे यजमान चारचौघांत सांगतात आणि त्यांना वाटतं आपण विनोद केला. अशा बाईला समोरच्या घरात वच्छलाकाकू मिळाव्यात, ही देवाची गंमतच होती. काकू आता नाहीत. मीही ती गल्ली सोडली. पण आजही एखादं झाकण उचलायला हात पुढे झाला, की कानाशी त्यांचा आवाज येतो आणि मी मुकाट्यानं हात मागे घेते. निदान कधी कधी घेते.

काकू ठेंगण्या, चालायच्या भराभर, आणि चालताना त्यांच्या कमरेचा किल्ल्यांचा जुडगा वाजायचा. माहेर अल्लीपूरचं, भाजीपाल्याच्या शेतीचं. नवऱ्याचं वर्ध्याच्या बाजारात किराण्याचं दुकान होतं, ते नवऱ्याबरोबरच संपलं. एकुलता एक मुलगा प्रशांत पुण्याला कॉम्प्युटरच्या नोकरीत. घरात काकू एकट्या, पण त्या घराइतकी वर्दळ गल्लीत कुठे नव्हती. अल्लीपूरहून भावाकडची वांगी पोतं भरून आली की गल्लीभर वाटली जात, अर्थात पिशवीचं तोंड बांधून. वांग्यात लपवण्यासारखं काय असतं, असं मी एकदा त्यांना म्हटलं. त्या शांतपणे म्हणाल्या, “अवं, सोडून पाह्यपर्यंत ते वांगे कायले म्हणतं? काईही असू शकते त्याच्यात.”

हे सगळं आलं होतं भुलाबाईतून. आमच्याकडे विदर्भात भादव्याच्या पुनवेला भुलाबाई, म्हणजे मातीची पार्वती, बसते आणि कोजागिरीला उठते. महिनाभर रोज संध्याकाळी पोरीबाळी, बाया घरोघर जाऊन गाणी म्हणतात. गाणी संपली की घरची बाई झाकलेला डबा आणते, सगळ्यांच्या कानाशी हलवते आणि म्हणते, ओळखा खाऊ. ओळखेपर्यंत झाकण निघत नाही. नाहीच जमलं तर सगळ्यांनी मिळून “हरलो” म्हणायचं, मग डबा उघडतो. इतर गल्ल्यांमधून हा प्रकार उठत चालला होता. आमच्या गल्लीत तो टिकला, कारण काकू वर्षभर त्याची तयारी करत असत.

वानखेडे वहिनी तिसऱ्या घरात राहायच्या. त्यांनी एकदा दुकानातल्या चिप्सचं पाकीट तसंच डब्यात ठेवलं. डबा हलताच कागद कुरकुरला आणि सगळ्या पोरींनी एका आवाजात ओळखलं. काकूंनी त्यांच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की वहिनी पुढची दोन वर्षं घरीच करंज्या तळत होत्या. काकूंचा स्वतःचा पितळी डबा म्हणजे गल्लीची परीक्षा असायची. एका वर्षी त्यांचा डबा वाजलाच नाही. आम्ही सगळ्या त्याला कान लावून बसलो. शिरा, खोबऱ्याची वडी, केळी, साखरभात, जे जे न वाजणारं आठवलं ते सगळं सांगून झालं. शेवटी हरलो. काकूंनी झाकण काढलं तर आत दुसरा डबा, चिंध्यांत गुंडाळून घट्ट बसवलेला. त्याच्या आत तिसरा. त्यात प्रत्येकीला एक अशा खारका. वानखेडे वहिनींनी ही फसवणूक आहे म्हणून वाद घातला, तो दसऱ्यापर्यंत चालला. काकूंचं उत्तर एकच होतं. “माणसाले ओळखू द्याव. सारं उघडून देल्लं तं मंग बोलाले काय राह्यलं?”

डब्यासारखीच त्यांची दुसरी एक गोष्ट होती. त्यांच्या पोटात गेलेलं बाहेर येत नसे. त्यांच्या स्वयंपाकाच्या ओट्याजवळ एक लाकडी पाट होता. त्या पाटावर बसून गल्लीतल्या प्रत्येकीनं एकदा तरी रडून घेतलेलं होतं, मीसुद्धा. काकू तोंडानं काही विचारत नसत. भाजी चिरत राहत, मधून “हाव” म्हणत, आणि आपण उठलो की हातावर काहीतरी झाकलेलं ठेवत. माझ्या मुलीला आपलं कॉलेज सोडून दुसरीकडे शिकायचं होतं, हे तिनं मला सांगायच्या आधी काकूंना सांगितलं होतं. मला नंतर कळलं तेव्हा मी तणतणत त्यांच्याकडे गेले. “तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही मला सांगितलं नाही?” काकू म्हणाल्या, “तिचा डबा होता. म्या काऊन उघडू?” मला त्या वेळी रागच आला. पण माझ्या गोष्टीही त्याच पोटात होत्या, हे आठवून मी चहा पिऊन परत आले.

अशा बाईच्या घरात कॅमेरे बसले.

झालं असं, की एका उन्हाळ्यात काकू मागच्या अंगणात नळाजवळ घसरल्या आणि मनगट मोडलं. फार काही नव्हतं, प्लास्टर घालून त्या संध्याकाळी गल्लीत फिरत होत्या. पण प्रशांत घाबरून पुण्याहून आला. सज्जन मुलगा. आला तो सोबत खोकंच घेऊन. एक कॅमेरा बाहेरच्या दारावर, एक बैठकीत, एक स्वयंपाकघरात फ्रिजवर. पांढरे, मुठीएवढे, आणि मान वळवणारे. त्याच्या मोबाइलवर घर दिसायचं आणि तिकडून तो बोलला की इकडे आवाज यायचा. काकू म्हणाल्या, “लाव बाप्पा. तुयी चिंता जात असन तं लाव.”

काकूंना यंत्रांचं वावडं होतं असं कुणी समजू नये. मोबाइल त्यांचा जीव की प्राण होता. अल्लीपूरच्या भावजयीला त्या लांबलचक बोलके निरोप पाठवत. पाककृतीचे व्हिडिओ लावून त्यातल्या बाईला “हळू सांग वं, कांदा कापून राह्यलो” असं दटावत. पण फ्रिजवरच्या त्या पांढऱ्या डोळ्याशी त्यांचं जमेना. पहिल्याच दिवशी फोडणी घालताना वरून आवाज आला, “आई, तेल किती ते.” काकूंच्या हातून झारा पडला. काही दिवसांनी मी पाहिलं, तर त्या स्वयंपाकघरात जाताना इस्त्रीचं पातळ नेसून, केस विंचरून जात होत्या. मी म्हटलं, “काकू, कुठे निघालात?” त्या म्हणाल्या, “भाकरी टाकाले.”

उन्हाळ्यात दुपारी पदर बाजूला सारून फरशीवर पाठ टेकून, डोक्याखाली हात घेऊन झोपायचं, हे काकूंचं आयुष्यभराचं सुख. एका दुपारी शाळेत शिकवून घरी येऊन मी चप्पल काढत होते, तोच प्रशांतचा फोन. “मावशी, धावत जा, आई पडली आहे, हलत नाही.” काकूंची एक किल्ली माझ्याकडे असायची. मी धावले, दार उघडलं, पडत झडत बैठकीत पोचले. काकूंनी एक डोळा उघडला. “काय वं सुषमा, आग लागली का?”

वरून प्रशांतचा आवाज आला, “आई, जमिनीवर का झोपलीस?”

“माह्या घरची जमीन आहे बाप्पा,” काकू वर न पाहता म्हणाल्या. मी हसून हसून तिथेच बसले. प्रशांतही तिकडे हसला असावा. पण दुसऱ्या दिवसापासून काकू दुपारी पलंगावर, अंगभर पदर घेऊन, घामाघूम होत झोपू लागल्या. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं, आणि ते माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

त्याहून वाईट झालं ते पाटाचं. वानखेडे वहिनींचं आणि त्यांच्या सुनेचं तेव्हा बिनसलं होतं. त्या मन मोकळं करायला काकूंकडे गेल्या, पाटावर बसल्या, तोंड उघडलं आणि नजर फ्रिजवर गेली. मग कोथिंबीर किती महाग झाली हे सांगून त्या उठून आल्या. हळूहळू सगळ्यांचंच असं झालं. प्रशांत काही आमचं ऐकत बसत नव्हता, त्याला नोकरी होती. हे आम्हाला कळत होतं. तरी बोलणं कोथिंबिरीपुढे जायचं नाही. काकू चहाचं आधण जास्तीचं ठेवून वाट बघत आणि मग एकट्याच दोन कप पीत. एकदा मला म्हणाल्या, “मोबाइलले मी पाहतो. हे मले पाहते. मले काई लपवाचं नाई वं सुषमा, पण मी दिवसभर कोणाच्या तरी समोर राह्यतो. थकून गेलो.” मी सांगितलं, प्रशांतला तसं बोला. त्या म्हणाल्या, “त्याचा बाप गेला तवा घरात कोणी नव्हतं. त्याच्या मनातून ते गेलं नाई. काय बोलू?”

पाऊस सरला आणि भुलाबाई बसली. त्या वर्षी प्रशांतच्या मुलीनं, इरानं, पुण्याहून व्हिडिओ कॉलवर खेळायचं ठरवलं. पोरगी तिसरी-चौथीतली, मोठी गोड आणि भारी चुरचुरीत. स्टुलावर मोबाइल उभा करायचा, गाणी म्हणायची, मग काकूंनी डबा मोबाइलशी नेऊन हलवायचा. पहिल्या दिवशी आम्ही अजून कान टवकारतोय तोवर इरा म्हणाली, “शेंगदाण्याचे लाडू.” बरोबर. दुसऱ्या दिवशी, “मुरमुऱ्याचा चिवडा, खोबरं घातलेला.” बरोबर. तिसऱ्या दिवशी तर काकूंनी डबा हलवलाही नव्हता.

काकूंचा आनंद काय सांगावा. आपल्या नातीच्या कानात आपलं रक्त उतरलं, अशी त्यांची खात्री पटली. किराण्याच्या दुकानात, दवाखान्याच्या रांगेत, भाजीवाल्यापाशी, सगळीकडे त्यांनी सांगितलं. “पुण्याची पोट्टी, भुलाबाई डोयानं नाई पाह्यली, पण खोबरंसुद्धा आवाजावरून सांगते.” आम्हीही भोळ्या. कुणाच्याही डोक्यात फ्रिज आला नाही. वानखेडे वहिनी तर म्हणाल्या, की मुलीला गाण्याच्या क्लासला घाला, कान तयार आहे.

मग घाऱ्यांचा दिवस आला. काकूंनी सकाळी लाल भोपळ्याच्या घाऱ्या तळल्या. दुपारी माझ्याकडे पाहुणे आले आणि घरात गोडाचं काही नव्हतं, म्हणून काकूंनी सगळ्या घाऱ्या मला आणून दिल्या, झाकून. त्यांनी डबा मागच्या पडवीत नेला आणि तिथे भावाकडून आलेल्या ओल्या शेंगा भरल्या. संध्याकाळी गाणी झाली. डबा मोबाइलशी गेला. शेंगा खडखडल्या. इरा न थांबता म्हणाली, “भोपळ्याच्या घाऱ्या!”

त्या खडखडाटात घारी ऐकू येणं शक्य नव्हतं. काकूंच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त आतून कुणी दिवा काढून नेला असं झालं. त्या मोबाइलजवळ वाकून अगदी हळू म्हणाल्या, “इरा, तू डबा उघडला का बेटा?”

“नाही आजी,” पोरगी म्हणाली. “मी फक्त सकाळी पाहिलं. बाबाच्या मोबाइलवर दिसतं ना सगळं.”

तिला काही चुकल्यासारखं वाटत नव्हतं, आणि तिचं काही चुकलंही नव्हतं. काकूंनी झाकण काढून सगळ्यांना शेंगा वाटल्या, इराला रागावल्या नाहीत, हसून फोन ठेवला. पण सगळ्या गेल्यावर मी भांडी आवरायला थांबले, तर त्या ओट्याशी उभ्या राहून रिकामा डबा पुसत होत्या, पुसलेला पुन्हा पुसत होत्या. मला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं ज्या बाईनं मला एक झाकण उचलू दिलं नाही, तिच्या घरावरचंच झाकण कुणीतरी उचलून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू पिठाचा डबा काखोटीला मारून माझ्या दारात. “तुया गॅस रिकामा आहे का?” त्या दिवशीचा खाऊ माझ्याकडे झाला. पुढच्या दिवशी वानखेडे वहिनींकडे. मग कोपऱ्यावरच्या घरी. काकूंचा स्वयंपाक गल्लीभर फिरू लागला आणि त्यांच्याबरोबर पाटावरच्या गप्पाही. वानखेडे वहिनींनी सुनेचं सगळं एकदाचं सांगून टाकलं, तेही माझ्याच स्वयंपाकघरात, त्यामुळे मलाही ऐकायला मिळालं. मी कधी नव्हे इतकी खूश होते.

तिकडे पुण्याला प्रशांतच्या मोबाइलवर तासन्‌तास रिकामं घर दिसत होतं. आईसाठी लावलेल्या कॅमेऱ्यांत आई सोडून सगळं होतं. त्याचे मला फोनवर फोन. “मावशी, आई कुठे आहे?” मी सांगायची, “इथे कणीक मळते आहे.” शेवटी एकदा तो माझ्याच फोनवर आईशी बोलला. आवाज चढला नव्हता, पण थकलेला होता. “आई, मी मीटिंगमध्ये बसून तुझं घर बघत असतो. मला काम सुचत नाही. बाबांच्या वेळी काय झालं ते मला पुन्हा नको आहे. एक तर कॅमेऱ्यासमोर राहा, नाहीतर दिवाळीनंतर घराला कुलूप लावून पुण्याला चल. मी कोजागिरीला येतो, तेव्हा ठरवू.”

फोन ठेवून काकूंनी कणकेला तेलाचा हात लावला. मग म्हणाल्या, “पुणं वाईट नाई. पण तिथं मी पाहुणी.” मला त्यांच्याविना ती गल्ली डोळ्यांपुढे येईना. मी रडवेली झाले, तर त्यांनी उलट मलाच दटावलं आणि लाटणं मागितलं.

कोजागिरीच्या दुपारी प्रशांत इराला घेऊन आला. ज्वारीच्या धांड्यांचा मांडव अंगणात उभा झाला, त्याखाली भुलाबाई बसली. काकू दिवसभर घरात होत्या, पण त्या दिवशी त्यांनी काय केलं, कुठे केलं, ते मलाही कळलं नाही. मी चारदा विचारून पाहिलं. संध्याकाळी गाणी संपली, काकू डबा घेऊन आल्या आणि आम्हा बायांकडे न येता थेट ओसरीवर बसलेल्या प्रशांतपुढे उभ्या राहिल्या.

“ओळख,” त्या म्हणाल्या.

“आई, मी काय आता लहान आहे का?”

“ओळख तं खरा. बिनआवाजाचं नाई देल्लं तुले. ओळखलं तं घरातले कॅमेरे तू आपल्या हातानं काढशीन. नाई ओळखलं तं मी दिवाळी झाल्यावर पुण्याले येतो. मुकाट्यानं.”

वानखेडे वहिनींनी माझा हात धरला. असा पैज लावायचा खेळ नव्हता हा, कुणी कधी लावली नव्हती. आणि लावली ती कुणाशी, तर ज्याचा हरण्यातच फायदा होता अशा माणसाशी. तो नुसता “हरलो” म्हणाला असता तरी काकूंचं घर बंद झालं असतं.

प्रशांतनं डबा घेतला आणि कानाशी नेऊन हलवला. आतून बारीक, टणक, खुळखुळ असा आवाज आला. आमच्यापैकी कुणालाच उमगला नाही. फुटाणे म्हणावेत तर जड, सुपारी म्हणावी तर हलका. प्रशांतनं मात्र एकदाच हलवला. मी त्याच्याकडेच पाहत होते. त्याला पहिल्याच आवाजात कळलं होतं. त्याचे कान लाल झाले आणि त्यानं मान खाली घातली.

इरा म्हणाली, “बाबा, सांगा ना. येत नाही का?”

त्यानं डबा मांडीवर ठेवला, झाकणावरून बोट फिरवलं. नाही म्हणाला असता तर त्याच्या मनात काय आहे ते कोण उघडून पाहणार होतं? तेवढ्यात त्याच्या तोंडून निघालं, आणि पुण्याची भाषा विसरून निघालं, “चिंचोके आहे. भाजलेले.”

काकूंनी झाकण काढलं. डबाभर भाजलेले चिंचोके, काळेभोर, चकचकीत. असा खाऊ भुलाबाईला कुणी करत नाही. गरिबाच्या पोरांनी चुलीत भाजून खिशात भरायची ती वस्तू.

“कायच्यावरून ओळखलं?” काकूंनी विचारलं.

“माह्या खिशातला आवाज आहे तो.”

“हाव,” काकू म्हणाल्या. “शाळेतून ये तवा रोज वाजे. दात जातीन म्हणून तुह्या बापानं बंदी केली होती. तो मले विचारे, पोट्ट्याच्या खिशात काय वाजते? मी म्हणो, गोट्या-कंचे. मले ठाऊक होतं काय वाजते ते. पण तुया खिसा मी कधी उलटा केला नाई रे.”

प्रशांतनं एक चिंचोका उचलून दाढेखाली घेतला आणि तो फुटेपर्यंत चावत राहिला. त्याचे डोळे भरले होते आणि तो त्याचं खापर चिंचोक्यावर फोडत होता, फार कडक आहे म्हणाला. मग त्यानं उठून स्क्रू काढायचा पेचकस मागितला. तो माझ्याकडे होता. इतक्या आनंदानं मी शेजाऱ्याला कधी काही उसनं दिलं नसेल.

बैठकीतला आणि फ्रिजवरचा कॅमेरा निघाला. बाहेरच्या दारावरचा काकूंनीच ठेवायला लावला. “कोण आलं कोण गेलं, ते तुले दिसू दे. आत काय चालू आहे ते इचारत जाजो.” इरानं तेवढ्यात चिंचोके खिशात भरून घेतले होते. तिच्या फ्रॉकचा खिसा वाजत होता, आणि प्रशांतनं तो ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

पण मुलाची काळजी स्क्रूबरोबर निघत नाही, हे काकूंना कळत होतं. त्यांनीच तोड काढली. रोज सकाळी तो ऑफिसला निघायच्या आधी त्या फोन लावत, ओट्यावरचा एखादा डबा मोबाइलशी नेऊन हलवत आणि म्हणत, “ओळख.” डबा वाजला म्हणजे हात चालतो, हात चालतो म्हणजे आई बरी आहे. वेळेवर फोन आला नाही तर त्यानं मला करायचा आणि मी किल्ली घेऊन जायचं. मला फार क्वचित जावं लागलं, आणि गेले तेव्हाही काकू अंगणात मेथीला पाणी देत होत्या आणि फोन घरात राहिला होता. प्रशांत सुरुवातीला चुकायचा. पुढे तांदूळ आणि साबुदाणा यातला फरक त्याला पुण्यातून कळू लागला. एकदा म्हणे मीटिंग सुरू झाल्यावर काकूंचा फोन आला आणि तो सगळ्यांसमोर “मोहरी” म्हणाला. एक दिवस त्यानं मला आपणहून फोन करून सांगितलं, “मावशी, आज आईनं डबा हळू हलवला. मनगट दुखतंय का बघता?” मी जाऊन विचारलं तर खरंच दुखत होतं. आधी आठ दिवस मी समोर राहून मला ते दिसलं नव्हतं.

पाटावर पुन्हा बायका बसू लागल्या. काकू पुन्हा फरशीवर झोपू लागल्या.

मग आम्ही सिंदी मेघे सोडलं. माझी नोकरी संपली, मुलगी अमरावतीला, तिच्याजवळ जायचं ठरलं. आदल्या दिवशी काकूंकडे जेवण झालं, पाया पडणं झालं, दोघीही रडलो. मी त्यांची किल्ली वानखेडे वहिनींकडे दिली. सकाळी निघताना पुन्हा रडारड नको म्हणून मी काकूंना हाक मारणार नव्हते.

ऑटो गल्लीतून वळत होता, तेव्हा त्या ओसरीवर दिसल्या. प्रशांतला फोन करायची वेळ होती. एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात तो पितळी डबा, केस विस्कटलेले, पातळ कालचंच. मला पाहिलं, पण हात हलवायला हात मोकळा नव्हता. मग त्यांनी मोबाइल खाली घेतला, डबा माझ्या दिशेनं उंच धरला आणि जोरात वाजवला. ऑटोच्या फटफटाटात मला तो नीट ऐकू आला नाही. काहीतरी बारीक होतं, भरपूर होतं. त्या हसत होत्या.

त्यानंतर काकू मला प्रत्यक्ष भेटल्या नाहीत. फोन मात्र होत राहिले, कितीतरी. त्या सकाळी डब्यात काय होतं, ते मी त्यांना कधीही विचारू शकले असते. मी विचारलं नाही.